गुंडूअण्णांचा चुकलेला ठोका आणि रणभैरवची नवी तबकडी

कॉटनपेट, बंगळूर
फेब्रुवारी १९६६

तीर्थस्वरूप गुंडूअण्णांच्या पायांशी मावसभाऊ संताजीचं कपाळ टेकलेलं आहे असं समजावं.

इकडे सर्व खुशाल. म्हणजे तुमची भावजय अंबुबाई माझ्याशी बोलत नाही, लेक हेमलता दार लावून बसली आहे आणि तिचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे. बाकी देवीच्या कृपेनं ठीक. तुमची प्रकृती कशी? गुडघ्याला एरंडेल लावता ना? होसकोट्याची हवा कोरडी, तेव्हा खोकला तरी गेला असेल. पिठाची गिरणी चालू आहे की पट्टा पुन्हा तुटला? भागुवहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं उत्तम निघालं (बरणी फुटली, पण फुटायच्या आधी उत्तम होतं).

अण्णा, रणभैरव बँडचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता हे मला ठाऊक आहे. तरी कृपा करून जेवण आटोपून हे पत्र पुढे वाचा, कारण नाव काढल्याशिवाय गत्यंतर नाही. रणभैरवची नवी तबकडी आली आहे. लाँग प्ले. पुरीएवढ्या नव्हे, थाळीएवढ्या तबकडीवर जुनी सगळी गाजलेली गाणी, आणि सगळी पुन्हा नव्यानं वाजवलेली. वेष्टनावर बँडचा रंगीत फोटो आहे. तो पाहून आपल्या रणभैरव रसिक मंडळात पहिली खळबळ उडाली. सगळ्यांच्या कोटांना बटणं! तुमच्या वेळी बाह्या सेफ्टीपिनांनी जोडलेल्या असत, पिराजी मास्तर यजमानाला शिव्या देत मांडवात शिरत आणि वाजवणं इतकं जोरात आणि इतकं भरभर की शेजारच्या गल्लीतली लग्नंसुद्धा लवकर उरकत. आणि फोटोत हेच पिराजी हातात गुलाबाचं फूल घेऊन बसले आहेत. मंडळातल्या निम्म्या लोकांनी त्यांना ओळखलंच नाही. दुकानदारानं भलतीच तबकडी गळ्यात मारली म्हणून दोघं बळेपेटेत भांडायला गेले आणि तीच आहे हे कळल्यावर जास्त भांडून आले.

तबकडी वाजवायला रेडिओग्राम फक्त भगवंतरावांकडे, म्हणून मंडळाची सभा मल्लेश्वरमला त्यांच्या बंगल्यावर भरली. (भगवंतराव म्हणजे आपले अध्यक्ष, पोस्टातले मोठे साहेब होते ते. अजूनही कोणी बोलायला लागलं की त्याचं वजन करून शिक्का मारायच्या बेतात असल्यासारखे बघतात.) सुई टेकली. अण्णा, काय सांगू! सगळं सुरात होतं. क्लॅरिओनेट क्लॅरिओनेटसारखा वाजत होता. जुन्या गाण्यात जो प्राणी ओरडल्यासारखा वाटे, तो क्लॅरिओनेटच होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी व्हायोलिनची लांबलचक प्रस्तावना, मग गाणं, मग पुन्हा व्हायोलिन. आमच्यातले एक सभासद जुनी गाणी म्हणताना तबकडीची खरखरसुद्धा तोंडानं म्हणतात. त्यांना खरखर कुठं घालावी तेच कळेना, ते डोळे पुसायला लागले. भगवंतराव मात्र मान डोलवत होते. त्यांचं मत असं की कलावंतानं सुधारावं, आणि आपण बुद्धीनं ऐकावं. बाकीच्यांचं मत असं की बुद्धीनंच ऐकायचं होतं तर रणभैरव कशाला ऐकलं असतं?

इथपर्यंत नुसता वाद होता. मग वरातीची चाल लागली.

अण्णा, ही गोष्ट तुमच्या दुखऱ्या जागेची. पण नव्या पिढीला मुळात घडलं काय तेच माहीत नाही. पहिल्या ध्वनिमुद्रणाला तुम्ही सगळे मद्रासला गेलात, मेणावर मुद्रण, खोडायची सोय नाही, आणि ऐन भरात तुमच्या हातातलं ढोलाचं टिपरू निसटून पेटीखाली गेलं. तुम्ही त्याच्यामागे पेटीखाली. सगळे थांबले. त्या शांततेत पिराजींची आरोळी, "हाण की गुंड्या!" आणि मग तुम्ही जो ठोका हाणलात तो! तबकडी तशीच विकली गेली. पुढे लोक ऐकायला मागत म्हणून बँड लग्नातही तिथंच थांबायला लागला. एका वरातीत त्या थांब्यात रुसलेल्या विहिणीच्या तोंडात मुलीच्या आईनं घाबरून साखर कोंबली, विहीण हसली, आणि तेव्हापासून बंगळुरातल्या आपल्या लोकांत तो विधीच झाला. वरात थांबते, सगळं वऱ्हाड "हाण की गुंड्या" म्हणून ओरडतं, साखर पडते, ठोका पडतो, वरात उंबऱ्याकडे निघते. कुलदेवतेच्या आधी तुमचं नाव घेतलं जातं. तुम्ही मात्र रस्त्यात पोरं तेच ओरडतात म्हणून लाजून बँड सोडलात आणि होसकोट्याला जाऊन बसलात. हेमलताला परवापर्यंत वाटत होतं की गुंड्या हा कोणी पुराणातला वीर आहे. तो आपला अण्णाकाका, हे तिला आत्ता कुठं कळलं.

तर नव्या तबकडीत थांबाच नाही! ढोलावर लष्करी बँडात शिकलेला कोणी तरुण आहे. तो त्या जागेवरून असा सरळ निघून जातो की जणू तिथं कधी काही झालंच नव्हतं. आरोळी नाही, ठोका नाही. आणि पिराजींनी जाहीर केलं आहे की मंडळानं तबकडी पसंत केली की यापुढे सगळ्या लग्नांत असंच वाजेल.

भगवंतराव म्हणाले, वाद नको, प्रयोग करू. अंगणात नकली वरात काढायची ठरली. घोडा आणला (खरा, लग्नाचाच). हेमलताच्या होणाऱ्या सासूबाई सकवारबाई यांना मी साक्षीदार म्हणून बोलावलं. ही कल्पना माझी. अंबुबाई बोलत नाही ती त्यामुळे. खिडकीतून रेडिओग्राम मोठ्यानं लावला आणि वरात निघाली. त्या जागेशी आल्यावर आम्ही सवयीनं थांबलो. घोडा थांबला. गाणं थांबलं नाही. मागचे पुढच्यांवर आदळले, पुढचे घोड्यावर, आणि अंबुबाईनं सकवारबाईंसाठी उचललेली साखर गडबडीत घोड्याच्या तोंडात गेली. घोडा भलताच खूष झाला. तो अंगणातून हलेना, गाणं संपलं, व्हायोलिन संपलं, तरी साखरेसाठी मान पुढे करून उभा. आता रीतीप्रमाणे घोडा आमची विहीण झाला की काय, यावर मंडळात दोन पक्ष पडले. सकवारबाई चप्पल घालून निघाल्या. दारात वळून एवढंच म्हणाल्या, "जितं स्वल्प थांबतंय न्हवं, तितंच तर लगीन असतंय. थांबाच नाही, तर लगीनबी नाही. सरी, बरं मग, येतो आम्ही."

अण्णा, मला हसू येत नाही. पोरगी दोन्ही घरांना पसंत, मुलगा सोन्यासारखा, आणि सगळं अडलंय ते एका न पडलेल्या टिपऱ्यापायी. मी पिराजींच्या पाया पडून आलो. त्यांनी नव्या ढोलवाल्याला माझ्यासमोर टिपरू टाकायला लावलं. त्यानं टाकलं, पण काय टाकलं! बरोबर समेवर, आणि लगेच वाकून तालात उचललं. सकवारबाईंना ऐकवलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. चुकणंही सगळ्यांना येत नाही, हे मला या वयात कळलं.

असो. आमचं हे असं चाललं आहे. तुम्ही काळजी करू नये. प्रकृतीला जपावं, गुडघ्यावर ताण देऊ नये, प्रवास टाळावा. सहज मन मोकळं करावं म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही.

आपला धाकटा,
संताजी

ता. क. : हेतू आहे. प्रवास टाळू नका. वैशाखातल्या वरातीला ढोल घेऊन उभे राहा. सगळं वाजवायला नको, तेवढी एकच जागा. पिराजी म्हणाले, "मी बोलावणार नाही, पण आला तर हाकलणारही नाही." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, आणि माझी खात्री आहे की त्यांचे डोळे भरले होते. सकवारबाई तुमच्याशिवाय ऐकायला तयार नाहीत.

ता. क. २ : वऱ्हाडानं "हाण की गुंडूअण्णा" असं आदरानं ओरडावं, असा ठराव मी मांडला होता. तो सर्वानुमते फेटाळला गेला. माफी असावी. पण लोक तुम्हाला हसत नाहीत हो अण्णा. इतकी वर्षं ते तुमची वाट बघतात तिथं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात होसकोट्याच्या बसच्या कंडक्टरकडून भागुवहिनींचा निरोप आला. म्हणे बँड सोडल्यापासून तुम्ही रोज सकाळी गिरणीतल्या पत्र्याच्या डब्यावर तीच जागा घोटता, आणि आता टिपरू काही केल्या निसटत नाही! अण्णा, हे काय करून ठेवलंत? लहान तोंडी सांगतो, आजपासून रियाज बंद. हाताला एरंडेल लावा, गुडघ्याला नको. आणि इतकं करूनही त्या दिवशी ठोका बरोबर पडायला लागलाच, तरी तुम्ही याच. पिराजींच्या आधी मी ओरडेन. लेकीला सासरी धाडणाऱ्या बापाचा आवाज कानावर पडल्यावर हातातलं टिपरू घट्ट राहील, इतके काही तुम्ही निबर नाही.