नवा पासवर्ड माझ्याकडे आहे

दादा,

मी स्टुडिओत चालले आहे. कॉम्प्युटर पुन्हा चालू झालाय, पण तुझ्या पासवर्डने आता काहीच इन्स्टॉल होणार नाही. कीबोर्ड आपटत बसू नकोस, ते मीच केलंय.

परवा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा आईसमोर तू म्हणालास, "हिनेच काहीतरी नको ते टाकलं असेल." काय बिघडलंय ते तेव्हा मलाही कळत नव्हतं. आता कळलंय. तुझ्या गेमसाठी तू कुठलीतरी बाहेरची रेपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅम उतरवून घ्यायचं कोठार, जोडलीस. तिथून आलेल्या नव्या लायब्ररीने, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या फाइलींच्या संचाने, जुनी हुसकावली आणि जुनीवर चालणारा माझा साउंड एडिटरही तिच्याबरोबर गेला. "हा प्रोग्रॅम काढू का?" असं कॉम्प्युटरवरच्या लिनक्सने तुला विचारलं होतं. तू न वाचताच हो म्हणालास. त्यामुळे मी करत असलेलं नाटकाचं पार्श्वसंगीत वेळेत गेलं नाही, आणि दिग्दर्शकाने ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं.

ती रेपॉझिटरी मी काढली. तुझा गेमही काढला, सेव्ह केलेल्या लेव्हल्ससकट. हो, मुद्दाम. पुन्हा हवा असेल तर फ्लॅटपॅकमधून घे. तिथे गेम स्वतःच्या लायब्रऱ्या घेऊन वेगळा राहतो, माझ्या वाटेला जात नाही. पण पासवर्ड माझ्याकडे मागावा लागेल.

आईला मी अजून काही बोलले नाही. ते तू सांगायचंस, आज जेवताना, माझ्यासमोर. परवा तिने मला जे जे ऐकवलं, ते ती तुला ऐकवत असताना मला पोटभर बघायचंय.

धाकटी