हलव्याचा हार

५ जानेवारी, नोएडा
किडले! माझ्या चार वर्षांच्या वैभवीचे दोन दात किडले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभी छोटा है. बढ़ गया तो बेहोश करके करना पड़ेगा." बेहोश! चोवीसला परत बोलावलंय. तोवर गोड फक्त जेवणाबरोबर, झोपताना दुधाची बाटली बंद, दोन वेळा ब्रश. तोही आम्ही आमच्या हातानं करून द्यायचा, मटाराएवढी पेस्ट घेऊन.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "दुधाचेच तर दात! पडणारच आहेत. उगाच बाऊ." झालं!

८ जानेवारी
आज ब्रश करताना मी वाघ झाले, वैभवी डॉक्टर. नवरोबा साकेत ऑफिसच्या शर्टात माकड! आरसाभर फेस. त्याची कॅब निघून गेली. हसून हसून पोट दुखलं.

१० जानेवारी
पुण्याहून माझ्या आईचं कुरिअर — हलव्याचे दागिने! हार, मुकुट, बाजूबंद, सगळं साखरेचं. वैभवीचं हे शेवटचं बोरन्हाण, म्हणून चष्मा लावून स्वतः गुंफलंय. आई गं! टाकवत नाही, ठेववत नाही. डब्यात घालून फ्रिजवर ठेवलं. वैभवी खाली उभी राहून मान वर करून बघतेय.

१३ जानेवारी
सुचलं!! बोरन्हाण करायचंच. पण डोक्यावर गोळ्या-चॉकलेटं ओतायची नाहीत. मटाराच्या शेंगा, बोरं, चुरमुरे, लाल गाजराचे तुकडे! काय डोकं चालतं माझं!

सासूबाई : "बोरन्हाण आहे की भाजीबाजार?"

१६ जानेवारी
डबा उघडला तर हार निम्मा रिकामा. नुसता दोरा! फ्रिजपाशी स्टूलही होतं. वैभवीला धरलं. "मी नाही खाल्लं, मम्मा!" म्हणे. खोटंही बोलायला लागली! भयंकर ओरडले. रडून रडून झोपली. एरवी नातीसाठी धावत येणाऱ्या सासूबाई आज स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत.

१८ जानेवारी
धमाल! काळं परकर-पोलकं, उरलासुरला हार, टक्कल पडलेला मुकुट. वरून मटार ओतले आणि सोसायटीतली सगळी पोरं तुटून पडली. गुलाटींचा मुलगा शेंगा सोलून खातोय, त्याची आई बघतच राहिली — "घर में तो छूता भी नहीं, यार!" मी हवेत! सतरंजीखालून अजून बोरं निघतायत.

पण चोवीसची धाकधूक आहेच. तेवढा हलवा पोटात गेलाय पोरीच्या.

२४ जानेवारी
कीड वाढली नाही! बेहोश वगैरे काही नाही, नुसतं औषधाचं लेपन. मी डॉक्टरीणबाईंना मिठीच मारली.

मागे सासूबाई गाल धरून बसलेल्या. "इथं आलोच आहोत, तर माझीही दाढ दाखवते." डॉक्टरीणबाईंनी बघितलं — "माताजी, इतना मीठा कौन खाता है?"

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोर रोज स्टूल ओढायची गं. तुझ्या आईनं केलेलं तुला टाकवेना. मग दुपारी मीच संपवत होते. तू तिला ओरडलीस तेव्हा सांगायला हवं होतं, पण लाज वाटली."