माझ्याच दुकानाचं कुलूप

२ जून

चि. ठिणगीस, आजोबांचे रागासकट आशीर्वाद.

तुझा मसुदा पोचला. अर्जासोबतचं पत्र मला दाखवूनच पाठव असं मीच बजावलं होतं; नसतं बजावलं तर निदान जेवण गोड लागलं असतं. शिकाऊ सॉलिसिटर व्हायला तुला जगात हीच पेढी सापडली? वर लिहितेस की यांच्या माणुसकीचा लौकिक तू लहानपणापासून ऐकत आलीस. कोणाकडून ऐकलास? माझ्याकडून तर नाही.

मी किल्ल्या घासून पोट भरलं, शाळा चौथीतच सुटली, तेव्हा यातलं मला कळत नाही असं तुझ्या बापाने फोनवर सुनावलंच. पण जागामालकाच्या वतीने माझं दुकान रिकामं करायला याच पेढीचा तो चष्मेवाला आला होता, हे कळायला शाळा लागत नाही. दाराला लावायचं कुलूप आणायलाच तो विसरला. मलाच म्हणाला की एखादं चांगलं असेल तर द्या. आणि मी घाबरट माणूस, फळीवरचं सगळ्यात दणकट पितळी कुलूप काढलं, तेल घातलं, फिरतंय ना ते बघितलं आणि त्याच्या हातात दिलं. माझ्याच दुकानासाठी! तू माझा शर्ट धरून शेजारी उभी होतीस. विसरलीस?

तिथे गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस. खोकला कसा आहे? पंख्याखाली झोपू नकोस.

राग उतरेपर्यंत माझा लोभ अर्धाच समज.

आजोबा

९ जून

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

विसरले नाही. बाकी सगळ्या पेढ्यांनी नकार कळवला, काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. यंदा जागा मिळाली नाही तर बाबा मला आत्याच्या औषधांच्या दुकानात बसवणार आहेत. तुम्हाला तेच हवं असेल तर तसं सरळ लिहा.

त्या दिवशी तुम्ही त्या माणसाला एक शब्द बोलला नाहीत. तेव्हापासून बोलताय ते आम्हालाच. आजी म्हणायची की यांचा राग बाहेर उपाशी आणि घरात जेवून असतो.

माणुसकीचं वाक्य खोटं होतं, ते खोडलं. त्या जागी कुलपाची हकिकत लिहिली. लिहिलं की कुलूप देणाऱ्याच्या शेजारी तेव्हा कायदा समजणारं कोणीच नव्हतं, एक लहान मुलगी होती; तिला आता तो कायदा त्याच पेढीकडून शिकायचा आहे. पत्र तुम्हाला न दाखवता पाठवलं. रागवायचं तर रागवा.

तोंड दाखवायला मी येणारच. दार लावून घेऊ नका.

तुमची ठिणगी

२१ जून

चि. ठिणगीस आशीर्वाद.

मुलाखतीचं बोलावणं आल्याचं तुझ्या बापाकडून कळलं. तू कळवलं नाहीस. बरं. तो चष्मेवालाच आता तिथला मोठा भागीदार आहे आणि प्रश्नही तोच विचारणार, असं म्हणतात. तुला हसायला बोलावलं असेल. तो पाणउतारा करेल, तू उलट बोलशील, आणि सगळंच ओम्‌ फस्‌ होईल. आजीचं ते बोलणं फार झोंबलं. मला तोंडावर कधी म्हणाली नव्हती.

अजूनही सांगतो, जाऊ नकोस. जाशीलच तर बूट पुसून जा. मला त्याने माझ्याच दुकानात उभं ठेवलं होतं. तू खुर्ची ओढून बस.

सोबत एक किल्ली आहे. त्या कुलपाच्या दोन होत्या. त्याने एकच मागितली, मी एकच दिली. दुकान पाडून तिथे आता गाड्या उभ्या करतात, तेव्हा हिने काहीही उघडत नाही. खिशात ठेव, त्याला दाखवू नकोस. उद्या तुला सोबत नेऊन त्याने कोणाकडे कुलूप मागितलं, तर तुझा हात आधी हिच्यावर पडू दे.

पाकीट जपून फोड, धांदरट आहेस. राहिलेला अर्धा लोभही त्यातच आहे.

आजोबा