थोरल्याची तारीख

मी, नगरपालिकेच्या अग्निशमन दलातला निवृत्त बंबचालक, राहणार बंबखान्यामागच्या गल्लीतले शेवटचे घर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी मानगुटीवर बसून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही, आणि दम लागतो तो छातीला, डोक्याला नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा शेरा खाली दिला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात बऱ्याच जणांना शिव्या असत्या. नावापाठोपाठ वय लिहायचे असते, पण वयावरच माझे सगळे घोडे अडले, म्हणून तो रकाना शेवटी भरतो.

१. घर माझ्या नावावर आहे. बायको आधीच गेली, मूलबाळ नाही. घरात मी आणि आई. आईने ऐंशी कधीच ओलांडली आहे, आणि माझ्या छातीची अवस्था पाहता ती माझ्यामागे राहणार हे आता उघड आहे. आई असेपर्यंत घर तिचे. "आता आमच्याकडे चल" म्हणून तिला कोणी हलवायचे नाही. तिच्या खाटेची जागा, खिडकीचा पडदा आणि स्वयंपाकघरातला तिचा हुकूम जसाच्या तसा राहील. तिच्यानंतर घर माझ्या धाकट्या बहिणीचे. बहिणीने आईजवळ राहायला यावे. मेहुण्यांना कुरकुर करायची असेल तर ती त्यांनी आपल्या घरी बसून करावी.

२. पितळी घंटा. जुना बंब भंगारात निघाला तेव्हा लिलावात मी त्याची घंटा उचलली. आजारी पडल्यापासून ती माझ्या उशाशी असते. धाप लागली की मी वाजवतो आणि आई भिंत धरत धरत येते. तिने या वयात माझ्यासाठी धावावे हे मला बघवत नाही, पण दुसरे आहे कोण? माझ्यामागे घंटा आईच्या उशाशी ठेवावी, आणि ती वाजली की बहिणीने हातातले काम टाकून जावे.

३. पान्यांचा संच, जॅक आणि माझे चामडी बूट शिट्टीला द्यावेत. शिट्टी म्हणजे माझा साहाय्यक चालक. सदानकदा तोंडाने शिट्टी वाजवतो, म्हणून हे नाव. मी घरी बसलो आणि माझी जागा त्याला मिळाली. बरेच दिवस तो दिसला की मी रस्ता बदलत असे. मला वाटे, यानेच साहेबांचे कान भरले. एकदा फाटकात आडवा आला आणि म्हणाला, "दादा, तुमची जागा मी मागितली नव्हती. तुम्ही गेलात, कुणीतरी बसायला हवं होतं. बंब काय आपोआप आगीवर जाणार होता?" मी म्हणालो, "तू शिट्टी मारायचीस, आला असता." तो हसला, मग मलाही हसू आले, आणि आमचे मिटले. हत्यारे त्याला तेल लावून द्यावीत. हा गडी सगळे ओले ठेवतो.

४. निरोपाच्या समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ. लावल्या दिवसापासून मागे पडते. ते आस्थापना शाखेच्या हेडक्लार्कांना घरपोच द्यावे. का, ते खाली येते.

५. जन्मतारीख. ही वस्तू माझ्या ताब्यात आयुष्यभर होती, पण माझी नव्हती. ती कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढची व्यवस्था कोणाला कळणार नाही.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. तो जेमतेम पावले टाकायला लागला आणि तापाने गेला. त्यानंतर मी झालो. आजीने फर्मान काढले की हाच परत आला आहे, याचे नाव तेच. झाले, त्याचे नाव मला मिळाले. पुढे शाळेत घालायची वेळ आली तेव्हा वडिलांनी पेटीतून त्याचाच जन्माचा दाखला काढला. "नाव तेच, आईबाप तेच. दोनदा कशाला रांगेत उभं राहायचं?" माझी नोंद कोणी केलीच नव्हती. आणि थोरला गेला त्याची नोंद करायला कोणाचा पाय उचलला नव्हता. म्हणून कागदावर एकच मुलगा, आणि तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

यातले मला काही ठाऊक नव्हते. निवृत्तीला वर्षभर उरले असताना आत्या घरी आली होती. मी निवृत्तीचे बोललो तर ती पटकन म्हणाली, "अरे, तू कसा निवृत्त होतोस? थोरला असता तर झाला असता."

"थोरला कोण?"

आत्याने जीभ चावली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली. बाकीचे मला आत्याने, मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा सांगितले.

मी तारीख दुरुस्त करून घ्यायला अर्ज दिला. हेडक्लार्क म्हणाले, "नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत यायला हवं होतं तुम्ही."

"अहो, मला कळलंच मुळी मागच्या महिन्यात!"

"उशिरा कळल्याबद्दल नियमात काही तरतूद नाही," असे म्हणून त्यांनी चहा मागवला. एकाच माणसासाठी मागवला, हे नमूद करतो.

छप्पन वर्षांचा धडधाकट माणूस अठ्ठावन्नचा म्हणून घरी बसवला गेला. माझे घर बंबखान्याच्या मागे. बंब निघाला की भिंत थरथरते. तो आवाज ऐकून मी ताटावरून उठून दारात जायचो आणि रिकाम्या हाताने परत येऊन जेवायचो. पगार बुडाला तो बुडालाच, पण मला तो बंब चालवायचा होता. ती दोन वर्षे माझी होती, आणि ती कोणीतरी माझ्या ताटातून उचलली, असे मला तेव्हा वाटले, आजही वाटते.

मी कोर्टात गेलो, पण खटला उभा राहिला तोवर आत्या वारली. थोरला जन्मला आणि गेला हे पाहिलेले माणूस एकच उरले, आई. मी तिला काही पढवले नाही. म्हटले, आई आहे, खरे ते सांगेल. माझ्या वकिलांनी विचारले, "याच्या आधी तुम्हाला झालेला मुलगा वारला, बरोबर?"

आई म्हणाली, "मेलं कोण? हे काय समोर उभं आहे माझं पोर."

वकिलांनी पुन्हा विचारले, उलटसुलट विचारले. ती हेच म्हणाली. खटला तिथेच आडवा झाला. तेव्हापासून आमच्या घरात बोलणे कामापुरते. जेवलास का, दार लाव, औषध घे. सख्ख्या आईने भर कोर्टात मला खोटे पाडले होते.

६. अपील. वरच्या कोर्टात अपील पडून आहे. नवे वकील म्हणतात, आईची जबानी पुन्हा घेता येईल, कोर्टाचा माणूस घरी येईल, पण लवकर करा, तिचे वय झाले आहे. माझा भाचा वकिली शिकतो, त्याच्या अंगात भारी उत्साह. "मामा, तुमच्या पश्चात वारस म्हणून माझी आई अपील चालवेल. आजीला नीट समजावू. एक वाक्य तर बोलायचंय तिला!" मी हो म्हटले होते. कोर्टाचा माणूस यायची तारीखही ठरत आली होती.

मग छातीची तपासणी झाली. एका नळीत जीव खाऊन फुंकायचे असते. यंत्रावरच्या मुलीने वय विचारले. मी म्हटले, "कागदावरचं की खरं?" ती वैतागली. "आजोबा, फुप्फुसं ज्या वयाची आहेत ते सांगा. चुकीचं घातलं तर औषध चुकेल."

मी उत्तर देण्याआधी कोपऱ्यातल्या स्टुलावरून आई म्हणाली, "बासष्ट. अजून पुरी व्हायचीत. हा पहाटेचा. थोरला दुपारचा होता."

मला फुंकताच येईना. मुलगी म्हणत होती, जोरात, अजून जोरात, आणि माझ्या घशातून नुसती शीळ निघत होती. थोरला हा शब्द आईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला धरले. "आई, हेच कोर्टात बोलली असतीस तर?"

ती पदराच्या टोकाशी खेळत बसली. मग म्हणाली, "इथे विचारलं, हा केवढा. तिथे विचारत होते, तो मेला ना? मेला म्हणून मी तोंडाने कधी म्हटलेलं नाही रे. तुला मांडीवर घेतलं, त्याच नावाने हाक मारली, आणि तू बघितलंस. तेवढ्यावर मी निभावून नेलं. तुझी दोन वर्षं गेली, मला कळतं. पण माझ्याच्याने नाही होत."

घरी आल्यावर तिच्या हातचा चहा प्यालो आणि म्हणालो, साखर कमी आहे. ती म्हणाली, नेहमीएवढीच आहे. इतके बोलणे आमच्यात बऱ्याच वर्षांनी झाले.

सबब, मी अपील मागे घेतो. तसा अर्ज सही करून वकिलांना दिला आहे. ते तो खणात ठेवून माझ्या मरणाची वाट पाहतील, म्हणून इथेही लिहितो. माझ्यामागे बहिणीने वारस म्हणून नाव लावू नये. घरी कोर्टाचा माणूस येऊ नये. आईला तो प्रश्न पुन्हा कोणीही, कोणत्याही कारणाने विचारू नये. भाचा म्हणतो, हे कलम कायद्याने कोणाला बांधत नाही. बाळा, कायद्याने नसेल बांधत, मामा म्हणून बांधतो. माझी कायद्याची पुस्तके नाहीत, नाहीतर तुला दिली असती. माझा रेडिओ घे.

दोन वर्षे गेली याचा राग गेलेला नाही. तो कोणाला देता येत नाही, म्हणून बरोबर नेतो. हेडक्लार्कांना घड्याळ द्यायचेच आहे, त्यात बदल नाही.

७. शेवटची नोंद. मी गेलो की बहिणीने नोंदणी कार्यालयात जावे, आईला नेऊ नये. तिथे जन्मतारीख विचारतील. सेवापुस्तकातली सांगावी, थोरल्याची. खरी सांगून वाद घालू नये. तो पोरगा या जगात येऊन गेला याचा तेवढाच एक पुरावा आहे, आणि मी इतकी वर्षे तो खोडायला निघालो होतो. त्याच्या मरणाची नोंद कोणी केली नाही. ती माझ्याबरोबर होऊन जाईल. नाव तेच, आईबाप तेच. आईच्या दोन्ही मुलांसाठी दोनदा रांगेत उभे राहायला नको.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन ठिकाणी दम खाल्ला, आणि सही करत आहे.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. मला शर्ट सैल होत गेले ते यानेच आत घेतले.
साक्षीदार दुसरा: बंबखान्यातला निवृत्त टेलिफोनवाला.
डॉक्टरांचा शेरा: लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत, फार बोलतात.

ठिकाण: माझी खोली. आई पलीकडे भांडी घासत आहे, तिला यातले काही वाचून दाखवू नये.
दिनांक: साक्षीदारांनी कॅलेंडर पाहून घालावा. तारखांच्या बाबतीत माझ्या शब्दाला किंमत नाही.

मृत्युपत्र करणाराची सही.
वय: चौसष्ट पूर्ण. याबाबत माझी तक्रार नाही.