उजेडात धरलेला ग्लास

३ मार्च, सोमवार

या गावाविरुद्ध माझी पहिली आणि अत्यंत गंभीर तक्रार: प्रयोगशाळेतलं स्टूल. ते माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाच्या मापाचं आहे. पन्नाशीकडे झुकलेला, डोक्यावर मोजकेच केस राखून असलेला केमिस्ट त्यावर पाय लोंबकळत बसला की शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसतो. पदाची अप्रतिष्ठा या विषयावर मी साहेबांपुढे बोललो. त्यांनी शोकसभेला आल्यासारखं ऐकून घेतलं आणि पाय टेकायला एक उलटी बादली दिली. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पाय हलवत बसा, आम्ही सोळा तारखेला येईपर्यंत वय कमी झालं तर निदान ओळख दाखवा.

बाकी सगळं उत्तम. पाणीपुरवठा केंद्र लख्ख, पंपांची घरघर एकसुरी, भिंतीवर साहेबांची लाडकी पाटी: एक थेंबही वाया नाही. नदी आटत चालल्यापासून गावाचं सांडपाणी इथे स्वच्छ होऊन परत तलावात जातं आणि तलावातून पुन्हा नळाला येतं. म्हणजे इथे जे पाणी आपण पितो, ते याआधीही कुणीतरी इथेच प्यायलेलं असतं. हे भिंगरीला, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला सांगितलं. ती ‘ईऽऽ’ करून किंचाळली आणि लगेच म्हणाली, अजून सांगा.

५ मार्च, बुधवार

मी वरच्या खोलीत, घरमालकीण मावशी खाली. माझ्या आधीचे केमिस्ट त्यांचे धाकटे भाऊ. याच खोलीत राहायचे, गेल्या महिन्यात हृदयविकाराने गेले. म्हणजे नोकरी, स्टूल आणि गादी मला एकाच माणसाकडून मिळाली. चपला तेवढ्या स्वतःच्या.

मावशी सांगत होत्या, भाऊ शेवटी फार बेचैन असायचा. झोपेच्या, मन शांत करायच्या, कसल्या कसल्या गोळ्या डबाभर. दुपारी चहाच्या सुमारास नळाचा ग्लास भरून खिडकीत उजेडात धरायचा आणि अंगठा बोटावर घासत टक लावून बघायचा. काय दिसतं म्हणून विचारलं की वसकन अंगावर यायचा. तो गेल्यावर उरलेल्या गोळ्या त्यांनी एकेक सोलून कोमट पाण्यात विरघळवल्या आणि बेसिनमध्ये ओतल्या. कचऱ्यात टाकल्या तर पोरं खातील, कुत्री खातील. गावात सगळे असंच करतात. साहेबांनीच घरोघर फिरून तसं सांगितलंय. पाणीखात्याचा हा सल्ला ऐकून मला जोरात ठसका लागला. मावशींनी पाठ चोळून दिली.

८ मार्च, शनिवार

साहेबांना विचारलं, आपण गढूळपणा बघतो, जंतू बघतो, क्लोरीन बघतो; विरघळलेलं औषध गाळणीत अडकत नाही, त्याचं काय? म्हणाले, त्याची चाचणीच आपल्याकडे नाही, मग ते पाण्यात असेल कसं? इतका सुखी माणूस मी पगारदार वर्गात पाहिलेला नाही.

हौस म्हणून नळाचं पाणी बारीक कागदातून गाळलं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. धागे. केसाहून बारीक, प्लास्टिकचे, आकाशी. नायलॉनचे कपडे धुतले की असा भुगा सुटतोच, त्यात नवल नाही. पण सगळे एकाच रंगाचे? संध्याकाळी मावशींच्या दोरीवर उत्तर वाळत होतं: भावाचा आकाशी स्वेटर. रोज मशीनला लावते, म्हणाल्या. त्याचा वास जातच नाही मेला. मी जवळ जाऊन हुंगला. फक्त साबणाचा वास होता.

१० मार्च, सोमवार

दुपारी साहेबांच्या खोलीत गेलो. ते खिडकीत उभे. ग्लास उजेडात, अंगठा बोटावर फिरतोय. आधीच्या केमिस्टची आठवण काढताय वाटतं, असं मी गमतीने म्हणालो. त्यांनी हातातल्या ग्लासाकडे असं पाहिलं, जणू तो मीच तिथे ठेवला होता.

बाहेर आलो. न्हावी दुकानात ग्लास उजेडात धरून उभा. खुर्चीतलं गिऱ्हाईकही, अर्धा गाल साबणात. शाळेच्या पायरीवर बाई. बँकेच्या दारात पहारेकरी, त्याच्याकडे बाटली. सगळ्यांचे अंगठे बोटांवर फिरत होते. मग सगळे एकदम प्यायले आणि भराभरा कामाला लागले. न्हाव्याला विचारलं तर तो म्हणाला, काय राव, माणसाने पाणीपण प्यायचं नाही का?

गावभर इतके तपासनीस आणि तक्रार एकही नाही, असा विनोद सुचला. हसू आलं नाही.

१२ मार्च, बुधवार

एकाचं औषध पोटात गेलं म्हणून दुसऱ्याला त्याच्या सवयी लागत नाहीत. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण औषध माणसातून जाऊन आलं की येताना थोडा माणूस घेऊन येतं का? त्याची चाचणी आपल्याकडे नाही.

बंद बाटल्या आणल्या. मागचा पत्ता वाचला. आमच्याच नळावर भरलेल्या. दुकानदार म्हणाला, बाहेरचं कशाला पिता हो, आपलं काय वाईट आहे?

बायकोला सांगितलं, येऊ नका. म्हणाली, बदली झाली की तुम्हाला दरवेळी जगबुडी दिसते, मागच्या खेपेला पाली होत्या. सामान ट्रकवर चढलंय, शाळेत प्रवेश झालाय. भिंगरीने फोन हिसकावून घेतला. तिथे तलाव आहे ना, बाबा?

आहे म्हणालो.

१३ मार्च, गुरुवार

पाणी सोडलं. फळांवर आहे. बसवत नाही, उभं राहवत नाही, जिन्यावरून नुसता वरखाली. मावशी म्हणाल्या, भाऊही अगदी असाच— मी कान झाकून घेतले.

सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी खुपलं. चिमटीत धरून ओढलं. येत राहिलं. आकाशी. वीतभर तरी.

प्यायचं सोडलं, पण दात कशाने घासले? अंघोळ?

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांना म्हणालो, पुरवठा बंद करा, टँकर आणा, काहीही करा, माझी पोर येतेय इथे. ते वसकन अंगावर आले. मग स्वतःच दचकले. हळू आवाजात म्हणाले, झोप नाही हो मला. काहीतरी बघायचं राहून गेलंय असं सारखं वाटतं. काय ते कळत नाही.

साहेबांचं नाही, मावशींच्या भावाचं राहून गेलंय. त्याला सापडायच्या आधी तो गेला, आणि आता अख्खं गाव— आणि मी—

अंगठा थांबत नाही.

१५ मार्च, शनिवार

जिन्यात कोसळलो. मावशींनी डोकं मांडीवर घेतलं, स्वतःसाठी भरलेला ग्लास माझ्या तोंडाला लावला. पी रे बाबा, म्हणाल्या. तोंड फिरवायला हवं होतं.

गोड होतं. हात थांबले. सगळंच थांबलं. इतकं बरं कधी—

मग बायकोचा फोन. आवाज बदललेला. म्हणाली, चेष्टा नाही, शेवटचं विचारते, तुम्ही नको म्हणालात तर खरंच नाही निघत. पहिल्यांदाच तिने ऐकायचं ठरवलं होतं. नको हा एवढासा शब्द. मी तोंड उघडलं आणि—

या, म्हणालो.

१६ मार्च, रविवार

छान ऊन पडलंय.

गाडी आली. खाली बायको मावशींशी बोलतेय. भिंगरी ओरडतेय, बाबा, तहान लागली, तहान—

मावशींचा कालचा एक ग्लास माझ्याकडे निघत होता. घासून धुतला, भरला, मागच्या जिन्याने नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवला, वर ताटली झाकली. कुणाला काही बोललो नाही. फिटलं.

आता दुसरा भरलाय. तिच्यासाठी. हातात धरून बसलोय. बेसिनमध्ये ओतून द्यावा असं एकदा मनात— पण ओतला तरी ते पाणी जाणार कुठे, आणि ती आता दारात—