सुप्रीचं औषध

मालवण

तात्या, तुमच्या पाया पडते.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. हितं आमी स्पंज नावाच्या समुद्री जिवाचे तुकडे दोरीला बांधतो. उसाच्या कांडीगत तुकड्यातनं तो पुन्हा वाढतो, तवा तुमची लई आठवण येती. सणसरच्या रानात उसाची लागण झाली का?

धाकट्या मोनाचा फोन आलता. आई दवाखान्यात सलाईन लावू देत न्हाय म्हणं. "माझी सुप्री कॅन्सरचं औषध करतीया, तेच घेईन."

तात्या, स्पंजाचा अर्क अजून बाटलीतच हाय. त्याचं औषध व्हायला वर्षं लागतील. आईकडं तेवढी न्हाईत.

सलाईनमधल्या औषधानं निदान दुखायचं तरी थांबंल. तिला सांगा, ते सुप्रीनंच पाठवलंय.

रविवारी येते. माझ्यापुढं ती औषधाचं कौतुक करायला लागली, तर तुमी उठून बाहिर जाऊ नका.

तुमची,
सुप्री