काका रविवारी बुडाले

टोरांटो, ४ फेब्रुवारी १९९८

ती. फिलोमीना काकूस,
नोरीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लाल बेरींचा जॅम एकदमच पोचले. बाटली वाटेत फुटल्यामुळे पत्र जरा चिकट झालं होतं, पण वाचता आलं आणि मग चाटताही आलं.

आमचा दौरा परवा संपला. दौरा म्हणजे एक व्हॅन, तिच्यात हीटर सोडून सगळं, मी, माझी गिटार आणि ड्रम वाजवणारा डग. सडबरीला श्रोते इतके कमी होते की मध्यंतरात मी प्रत्येकाची चौकशी केली. दोघं जण हॉकीचा सामना बघायला आले होते आणि माझ्यामुळे टीव्ही बंद झाला होता. ते शेवटपर्यंत माझ्याकडे टक लावून होते. डग म्हणाला, याला उत्सुकता म्हणतात.

आता खरी बातमी. नव्या रेकॉर्डमधलं एक गाणं रेडिओवाल्यांनी उचललंय, पुढच्या आठवड्यापासून ते देशभर लागेल. गाण्याचं नाव ‘अँब्रोस परतला नाही’. त्यात काका बुडतात.

काकू, पत्र खाली ठेवू नकोस. आपल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या माणसाच्या गाण्यात कुणी बुडालं नाही तर इकडच्या लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मी आधी बाबांना बुडवून पाहिलं. पण ते अल्बर्टात, समुद्रापासून इतक्या लांब, आणि सात वर्षांच्या मला तुमच्या दारात सोडून गेलेल्या माणसासाठी माझ्या गळ्यातून काही निघेना. काकांचं नाव घातलं आणि मी रडायलाच लागले. मग तेच ठेवलं. रेडिओच्या आधी तू त्यांच्या कानावर घाल, पोटभर जेवण झाल्यावर. तुमचं घर सोडून मला दुसरं घर नाही, हे लक्षात ठेवून घाल.

माया आहे तेवढी राहू दे, जास्त मागायचं तोंड मला नाही.
तुझी नोरीन


कॉनर्स कोव्ह, २६ फेब्रुवारी

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बर्फात अडकलं आणि रेडिओ नाही अडकला. त्या दिवशी सकाळी मी तळलेली भाकरी आणि काकवी पुढ्यात ठेवली होती. तुझा आवाज आला तसे हे खूश झाले, आवाज वाढव म्हणाले. पहिल्या कडव्यात स्वतःचं नाव आलं तेव्हा ताठ बसले. दुसऱ्या कडव्यात बुडाले. तरी खात होते. पण मग तू ‘रविवारच्या घंटा वाजत होत्या, अन् अँब्रोस होडी लोटत होता’ म्हणालीस, आणि ह्यांनी काटा खाली ठेवला.

अगं पोरी, रविवारी? ह्यांच्या बापानं रविवारी जाळं कधी वाळतसुद्धा घातलं नाही. या किनाऱ्यावर रविवारी होडी लोटणारा माणूस एकतर बाहेरचा असतो नाहीतर वाया गेलेला. तुला हे मी सांगायचं? रविवारी शिंपल्यांशी खेळलीस म्हणून ह्यांनीच तुला घरात बसवलं होतं.

हे म्हणतात, मेलो त्याचं काही नाही, सगळेच मरतात. पण सगळ्या देशाला वाटणार की अँब्रोस रविवारी मासे मारायला गेला आणि देवानं त्याला बरोबर पकडला. फादरनीही प्रार्थनेनंतर ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, पूर्वी कधी असं काही घडलं होतं का.

शेजारची गर्टी रेडिओ अर्धाच ऐकून मनुकांचं पुडिंग घेऊन सांत्वनाला आली. हे दारातच बर्फ उपसत होते. ती पुडिंग घेऊन तशीच परत गेली. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

इकडची काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर थोडी.
तुझी काकू


मूस जॉ, १७ मे

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन गावं न बोलता काढली. डगला वाटलं घसा बसला, त्यानं मध आणून दिला.

रविवार कसा आला ते ऐक, म्हणजे माझ्या प्रतिभेबद्दल तुझा काही गैरसमज असेल तर तोही जाईल. डगनं भंगारवाल्याकडून शाळेची एक पितळी घंटा आणली होती. व्हॅनमध्ये ती मांडीवर घेऊन बसायचा. तिला एखाद्या गाण्यात जागा दे म्हणून त्यानं माझं डोकं खाल्लं. मग मी चर्च आणलं. चर्चच्या घंटा आणल्या म्हणून रविवार आणला. काका होडीत आधीच बसले होते. झालं. एका घंटेपायी मी चाळीस वर्षांचा नेम मोडला आणि माझ्या लक्षातही आलं नाही. मला इतकंच ऐकू येत होतं की घंटा छान वाजतेय.

आता गंमत अशी की लोकांना तेच कडवं आवडतं. विनिपेगला एक बाई डोळे पुसत आली आणि काकांना जाऊन किती वर्षं झाली विचारलं. मी म्हणाले, अजून तसं ताजंच आहे. एका वर्तमानपत्रानं लिहिलंय की मी शोकाच्या तळाशी जाऊन आलेली गायिका आहे. त्या तळाशी घंटा घेऊन डग बसलाय हे त्यांना माहीत नाही.

जुलैत कार्यक्रम नाहीत. येऊ का? काकांना विचार. तुला नको वाटत असेल तर नको विचारू, पण विचार.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
नोरीन


कॉनर्स कोव्ह, ९ जुलै

चि. नोरीन हिस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण मेल्यावर माणसाला वेळ मिळतो.

ओंटारियोचं एक जोडपं परवा गाडी घेऊन आलं. मी कुंपण रंगवत होतो. त्यांनी मलाच विचारलं की अँब्रोसची कबर कुठे आहे. मी टेकडीवर पाठवलं. तिथे गर्टीच्या शेळ्या असतात. बरीच फुलं आणली होती त्यांनी. शेळ्यांचं चांगलं झालं. जाताना बाईनं मला विचारलं, तुम्ही ओळखत होता का त्यांना. मी म्हणालो, थोडंफार, माणूस बरा होता. तर तिचा नवरा हळूच म्हणतो, पण रविवारी जायला नको होतं.

ओंटारियोचा माणूस मला हे सांगतो.

तुझ्या काकूनं विचारलं की तू यावंस का. ज्या घरातला कर्ता बुडालाय त्या घरात पाहुणचार नसतो. तू तिकडेच बरी आहेस. नाव झालंय, गात राहा.

तब्येतीला जप. व्हॅनचा हीटर दुरुस्त करून घे, मेलेल्या माणसाला सर्दीची चिंता नसते, तुला हवी.
कै. अँब्रोस


कॉनर्स कोव्ह, १५ नोव्हेंबर

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मोठ्या सभागृहात गायलीस, पुढच्या रांगेत लोक उभे होते, वाचून बरं वाटलं. डगच्या घंटेचं मात्र मला अजून कौतुक करवत नाही.

ह्यांचं म्हणशील तर अंग ठीक आहे, मनाचं विचारू नकोस. सगळा दोष तुझा नाही. सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली तेव्हापासून होडी अंगणात पालथी पडलीय आणि हे तिच्याकडे पाठ करून बसतात. पण निदान संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन काढायचे. फेब्रुवारीपासून तेही पलंगाखाली गेलं. मी एकदा पुसायला काढलं तर म्हणाले, मेलेल्याचं सामान कशाला हलवतेस. मला हसूही आलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन मी रडले.

तुला घरात घ्यायचं नाही असं ते म्हणतात, आणि एकदा म्हटलं की ह्यांना मागे घेता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण नाताळच्या बारा दिवसांत तोंड झाकून आलेल्या सोंगाला या घरातून कधी परत पाठवलेलं नाही. कोण आहे ते ओळखेपर्यंत त्याला खुर्ची, केक आणि सरबत मिळतं. एवढं मी सहज लिहितेय. गर्टीकडे एक पलंग रिकामा असतो, हेही सहजच.

बाकी तू शहाणी आहेस असं मी धरून चाललेय.
तुझी काकू


टोरांटो, १० जानेवारी १९९९

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तर ते तोंडावर उशीचा अभ्रा ओढलेलं, गर्टीच्या नवऱ्याचा रबरी कोट घातलेलं आणि पोटाला उशी बांधलेलं तिसरं सोंग म्हणजे मी. तुला कळलं असणारच, कारण केकचा तुकडा तू माझ्याच ताटलीत दुप्पट घातलास.

मी ठरवून आले होते. काका ओळखतील, अभ्रा वर करीन, पाया पडीन. त्यांनी गर्टीला हातांवरून ओळखलं, तिच्या भावाला चालण्यावरून. मग माझ्यापुढे आले. सोंगाच्या रीतीप्रमाणे, आवाज ओळखू येऊ नये म्हणून, मी श्वास आत ओढत बोलले, तर आवाज बुडणाऱ्या बदकासारखा निघाला. देशभर रेडिओवर वाजणारा हाच तो गळा. काका म्हणाले की हे सोंग काही माझ्या ओळखीचं नाही.

मग ते आत जाऊन अ‍ॅकॉर्डियन घेऊन आले. तू चुलीकडे तोंड फिरवलंस ते मी पाहिलं. त्यांनी माझं गाणं धरलं, सगळं. दुसऱ्या कडव्यात बुडाले, घंटांचं कडवं आलं तिथे ते सोडून पुढे गेले, आणि मग सगळ्यांत शेवटी ते कडवं घेतलं. शनिवारी बुडाला अँब्रोस, आणि फादरनी घंटा वाजवली. मग वर बघून स्वयंपाकघराला सांगितलं की कुणी बुडालं की या गावात घंटा वाजते, त्याला वार लागत नाही, एवढं तरी गाणं लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं. आणि माझ्याकडे वळून विचारलं की सोंगा, बरोबर आहे का. मी श्वास आत घेऊन कसंबसं बरोबर म्हणाले.

काकू, तिथेच अभ्रा काढायला हवा होता. हजार लोकांपुढे उभी राहणारी मी, सहा जणांच्या स्वयंपाकघरातून उशी सावरत पळाले आणि सकाळच्या बसनं निघूनही गेले. त्यांनी मला ओळखलंच नाही, याच्याइतकं मला वर्षभरात काही लागलं नाही. मी त्यांना मारलं तेव्हा निदान मी कोण हे त्यांना माहीत होतं.

हे पत्र त्यांना दाखवू नकोस. किंवा दाखव.
नोरीन


कॉनर्स कोव्ह, ३० जानेवारी १९९९

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

काकूनं पत्र दाखवलं. तिला नुसतं नको म्हटलं असतंस तर लवकर दाखवलं असतं.

तू आत आलीस तेव्हाच ओळखलं. आपल्या चुलीपुढची जमिनीची फळी वर आलीय, तिला अडखळल्याशिवाय आत येणारं सोंग मी या जन्मी पाहिलं नाही. तू खाली न बघता ती ओलांडलीस. पण ओळखलं म्हटलं असतं तर तुला तोंड उघडं करावं लागलं असतं, आणि मग मला रागवावं लागलं असतं. तुला घरात घेणार नाही असं मी सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. रागवायची माझी इच्छा नव्हती. तू खुर्चीत बसावीस, केक खावास, एवढीच होती. म्हणून नाही ओळखलं. तू पळालीस, तेव्हा मी दारापर्यंत आलो होतो.

एक गोष्ट काकूलाही बोललो नाही. सहा वर्षं झाली, मी होडीत पाय ठेवला नाही. स्वप्नातसुद्धा अंगणातच असतो. त्या दिवशी रेडिओवर तू मला होडीत बसवलंस. वल्ही हातात दिलीस, वारा दिलास, खाडीच्या तोंडाशी लाट कशी उचलते तेही बरोबर सांगितलंस. मी काय खातोय तेही विसरलो होतो. मला वाटलं, पोरीला सगळं आठवतंय. मग तू रविवार म्हणालीस. बुडवलंस त्याचा राग नव्हता गं. इतकी छान सफर होती, आणि तुझ्याच तोंडून खोटी ठरली.

आता ते शेवटचं कडवं मी सांगितलं तसंच गात जा. डगला म्हणावं, घंटा एकदाच, आणि सावकाश. बर्फ वितळलं की होडी सुलटी करून डांबर लावणार आहे. पाण्यात घालणार नाही, नुसती सुलटी करणार. दोन माणसं लागतात. तू ये, तोंड उघडं ठेवून. फळी मी दुरुस्त करत नाहीये, तशीच ठेवतो.

लोभ होता, आहे, मेल्यावरही कमी झालेला नाही.
तुझा काका,
कै. अँब्रोस (शनिवारी)